खुंटा रोवण्याआधी

पुसेगावच्या मामांचा फोन आला तेव्हा सोयाबीनची रास होऊन गेली होती आणि हळद अजून जमिनीत होती. पुसेगाव म्हटलं की पुष्कळांना सेवागिरी महाराजांचं साताऱ्याकडचं पुसेगाव आठवतं. हे ते नव्हे. हे हिंगोली जिल्ह्यातलं, सेनगाव तालुक्यातलं, नर्सी नामदेवाच्या पट्ट्यातलं. मामा ६८ वर्षांचे. खालच्या उजवीकडच्या दोन दाढा वर्षभरापूर्वी काढल्या, डावीकडची एक हलते. भाकरी दुधात कुस्करल्याशिवाय घास उतरत नाही, आणि मामींच्या हातचा ठेचा ताटात असून नसल्यासारखा.

"हिंगोलीत बोर्ड पाह्यला," मामा म्हणाले. "पक्के दात बसवून देतेत म्हणं. जबड्यात खिळा ठोकतेत. कितीला पडंल अन् ठोकून घ्यावं का, तेवढं विचारून सांग."

'कितीला' याचं उत्तर त्याच दिवशी मिळालं. 'ठोकून घ्यावं का' याला पंधरा दिवस लागले. त्यासाठी थोडं वाचलं आणि ओळखीच्या दोन दातांच्या डॉक्टरांना पुन्हा पुन्हा त्रास दिला. मामांना जे सांगितलं ते इथं सविस्तर लिहितो आहे, कारण हा प्रश्न आता गावोगाव विचारला जातो आणि त्याचं उत्तर बहुतेकांना फक्त बोर्डावरून मिळतं. पैशांचा हिशेब करावाच लागतो, पण त्याच्याही आधी चार हिशेब करायचे असतात: हाडाचा, तंबाखूचा, शुगरचा आणि शहराच्या फेऱ्यांचा.

मामांचा 'ठोकतेत' हा शब्द आधी बाजूला ठेवावा लागला. जबड्यात काहीही ठोकत नाहीत. भूल देऊन हिरडी थोडी उघडतात, हाडाला बारीक ड्रिलनं छिद्र पाडतात, मग जरा मोठ्या ड्रिलनं, मग आणखी मोठ्या. हे करताना गार सलाईनची धार सारखी सुरू असते. ती धार फार महत्त्वाची आहे. ड्रिल घासून हाड तापतं, आणि हाडाचं तापमान ४७ अंश सेल्सियसच्या वर मिनिटभर राहिलं तरी तिथल्या पेशी मरतात. मेलेल्या हाडात काही रुजत नाही. छिद्र मापात झालं की त्यात टायटॅनियमचा स्क्रू फिरवून बसवतात. साधारण चार मिलिमीटर जाड आणि दहा मिलिमीटर लांब, म्हणजे तुरीच्या दोन दाण्यांएवढा. हा झाला इम्प्लांट. त्याच्यावर हिरडीतून वर येणारा जोडखुंटा बसतो, त्याला अबटमेंट म्हणतात, आणि त्यावर कॅप, जी आपल्याला दात म्हणून दिसते. वस्तू तीन, आणि त्या सहसा एकाच दिवशी बसत नाहीत. हे आधी कळलं नाही तर माणूस पहिल्या दिवशीच आरशात दात शोधतो.

टायटॅनियमच का? याची गोष्ट स्वीडनची आहे. १९५२ मध्ये लुंड इथं पर-इंग्वर ब्रोनेमार्क हे संशोधक सशाच्या पायाच्या हाडात रक्त कसं फिरतं ते पाहत होते. पाहण्यासाठी त्यांनी टायटॅनियमची एक बारीक नळकांडी हाडात बसवली होती. काम संपल्यावर ती काढायला गेले तर निघेना. हाड धातूला असं बिलगलं होतं की दोघांच्या मध्ये फटच उरली नव्हती. दातांशी ज्याचा काही संबंध नव्हता अशा त्या प्रयोगातून पुढं हा सगळा उपचार उभा राहिला. १९६५ मध्ये गोथेनबर्गला योस्टा लार्सन नावाच्या रुग्णाच्या खालच्या जबड्यात त्यांनी असे स्क्रू बसवले. जबड्यात जन्मजात दोष असलेल्या लार्सन यांना नीट खाता-बोलता येत नव्हतं. २००६ मध्ये ते वारले, तोपर्यंत ते स्क्रू जागेवर होते. तरीही दंतवैद्यकाच्या जगानं ही गोष्ट मनापासून मान्य करायला १९८२ साल उजाडलं. त्या वर्षी टोरांटोला एक परिषद झाली आणि तिथून इम्प्लांट जगभर गेले.

टायटॅनियमला हवा लागताच त्याच्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर चढतो. हा थर शरीराला खुपत नाही. हाडाच्या पेशी त्याच्यावर येऊन बसतात आणि तिथं नवं हाड घालू लागतात. या धातूचं खनिज आपल्याकडंही आहे. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर जी काळी वाळू दिसते त्यातलं इल्मेनाइट म्हणजे टायटॅनियमचंच खनिज.

शेतातल्या माणसाला मी हे मेढीच्या उदाहरणानं सांगतो. गोठ्याची मेढ रोवली की लगेच तिच्यावर आडवं लाकूड टाकत नाहीत. माती धुमसून, पाणी घालून, बसू देतात. इम्प्लांटही पहिल्या दिवशी स्क्रूच्या आट्यांवरच उभा असतो. खरी पकड पुढच्या महिन्यांत हाड तयार होतं तेव्हा येते. खालच्या जबड्याचं हाड घट्ट, तिथं साधारण तीन-चार महिने. वरच्या जबड्याचं हाड भुसभुशीत, तिथं चार ते सहा. उदाहरण मात्र इथंच थांबतं, कारण माती लाकडाला चिकटत नाही आणि हाड टायटॅनियमला चिकटतं.

आता हाडाचा हिशेब. मामांना सर्वांत उशिरा कळलेली गोष्ट इथंच आहे आणि ती ऐकून ते बराच वेळ गप्प झाले.

जबड्याचं दाताभोवतीचं हाड दातासाठीच असतं. दात गेला की त्या हाडाचं काम संपतं आणि शरीर ते काढून घ्यायला लागतं. दात काढल्यापासून वर्षभरात त्या जागेच्या हाडाची रुंदी निम्म्यापर्यंत कमी होऊ शकते, आणि त्यातली बरीचशी झीज पहिल्या तीन महिन्यांतच होते. पडीक सोडलेल्या वावराचा बांध जसा वर्षात ढासळतो तसं. मामांच्या दाढा जाऊन वर्ष झालं होतं. काढताना कोणी त्यांना विचारलं नव्हतं की इथं पुढं दात बसवायचा आहे का, आणि त्यांनीही सांगितलं नव्हतं. दात दुखत होता, काढला, मोकळे झाले.

म्हणून ज्यांचा दात अजून काढायचा आहे त्यांनी काढण्याआधीच डॉक्टरांना विचारावं की इथं इम्प्लांटचा विचार करायचा का. मग डॉक्टर दात हळुवार काढतात, भोवतालची हाडाची भिंत मोडू देत नाहीत, आणि गरज वाटल्यास त्या खड्ड्यात हाडाची पूड भरून जागा राखतात. कधी कधी दात काढल्या दिवशीच इम्प्लांट बसवता येतो. त्याच्याही आधीचा प्रश्न असा की हा दात खरंच काढायलाच हवा का? रूट कॅनॉल करून, हिरडीचा उपचार करून वाचणारा दात वाचवलेला केव्हाही बरा. हे मी भावनेनं म्हणत नाही. आपला दात हाडात थेट रोवलेला नसतो. बारीक तंतूंच्या झोळीत टांगलेला असतो. ती झोळी दणका शोषते, आणि भाकरीत बारीक खडा आला तर क्षणात सांगते. इम्प्लांटला झोळी नाही. तो हाडाला थेट जडलेला असतो, त्यामुळं खडा त्याला उशिरा कळतो आणि दणका सरळ हाडात उतरतो. ज्याला रात्री दात खायची सवय आहे त्यानं हे डॉक्टरांना आधीच सांगायला हवं.

हाड किती उरलं आहे ते नुसतं पाहून कळत नाही. सगळ्या जबड्याचा एक सपाट एक्स-रे असतो, ओपीजी. तो उंची दाखवतो, जाडी दाखवत नाही. जाडीसाठी सीबीसीटी हा त्रिमितीय स्कॅन लागतो. खालच्या जबड्यात दाढांच्या मुळांखालून एक नस जाते, ओठाला आणि हनुवटीला जाणीव देणारी. स्क्रूचं टोक तिच्यापासून किमान दोन मिलिमीटर दूर हवं. ती दुखावली तर ओठ महिनोन्महिने, कधी कायमचा, बधिर राहतो. चहा ओठावरून ओघळला तरी कळत नाही. वरच्या जबड्यात दाढांच्या डोक्यावर सायनसची पोकळी असते. तिथं हाड पातळ असेल तर पोकळीचा तळ उचलून खाली हाड भरावं लागतं. म्हणजे दाढांच्या जागी इम्प्लांट करायचा आणि स्कॅनचं नावही निघालं नाही, तर माणसानं स्वतः विचारावं. असे स्कॅन नांदेड, संभाजीनगरसारख्या शहरांत होतात. ती एक फेरी वाचवू नये.

हाड कमी असेल तर ते भरतात. आणि इथं नर्सीच्या पट्ट्यातल्या माणसाला, ज्याच्या घरात तीन पिढ्या गळ्यात माळ आहे, एक प्रश्न विचारायचा हक्क आहे: ही पूड कशाची?

हा प्रश्न विचारायला लोक लाजतात. डॉक्टरांनाही कधी आपणहून सांगायचं सुचत नाही. पण उत्तर सरळ आहे. दातांच्या उपचारात सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या पुडींपैकी काही गोवंशाच्या हाडापासून केलेल्या असतात. त्यातला सगळा जैविक अंश काढून टाकलेला असतो आणि फक्त खनिजाचा सांगाडा उरतो. वरून झाकायचा पडदा बहुधा कोलॅजेनचा असतो आणि तो गाईचा किंवा डुकराचा असू शकतो. वैद्यकीयदृष्ट्या यात धोका नाही. पण माळकरी माणसाला तोंडात काय जातं हे कळायलाच हवं, आणि नंतर कळून मनात कायमची टोचणी राहण्यापेक्षा आधी विचारलेलं बरं. कारण पर्याय आहेत. कॅल्शियम फॉस्फेटपासून बनवलेली कृत्रिम पूड मिळते. रुग्णाच्याच जबड्यातून किंवा हनुवटीतून थोडं हाड घेता येतं. माणसांनी दान केलेल्या हाडापासून, किरणांनी निर्जंतुक करून तयार केलेलं हाडही मिळतं. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८८ पासून अशी ऊतिपेढी आहे. कोणता पर्याय कुठं चालेल हे जागेवर आणि किती हाड हवं त्यावर ठरतं. मामा या मुद्द्यावर थांबले आणि म्हणाले, "माणसाचं चालंल. कुणीतरी देऊन गेलेलं असतंय ना." मला ते वाक्य फार आवडलं.

तंबाखूचं मामांशी बोलणं सर्वांत अवघड गेलं. मराठवाड्यात तंबाखू-चुन्याची डबी खिशात असणं म्हणजे रुमाल असण्यासारखं आहे. मामी मशेरी लावतात. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी तो कुठं मिळतो हे गावातल्या पोरालाही माहीत असतं.

तंबाखूमुळं बारीक रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि नव्या हाडाला लागणारं रक्त कमी पडतं. ओढणाऱ्यांमध्ये इम्प्लांट फसण्याचं प्रमाण न ओढणाऱ्यांच्या साधारण दुप्पट आढळतं. चघळण्याची तंबाखू तर तासन्तास त्याच हिरडीला चिकटून बसते जिथं जखम भरायची आहे. पण त्याहून मोठी अडचण सुपारी आणि गुटख्याची आहे. सुपारीमुळं गालाच्या आतलं कातडं दोराप्रमाणं ताठ होतं आणि तोंड उघडेनासं होतं. निरोगी माणसाच्या तोंडात त्याची स्वतःची तीन बोटं उभी मावतात. दोनच मावत असतील तर डॉक्टरांचं ड्रिल मागच्या दाढेपर्यंत सरळ पोहोचणार कसं? हाड उत्तम, पैसे तयार, आणि तोंडच उघडत नाही म्हणून उपचार थांबतो. ही तपासणी घरीच करता येते, आताच, आरशाशिवाय. बोटं मावत नसतील किंवा तिखट लागताच तोंडाची आग होत असेल, तर इम्प्लांटचा विषय मागं ठेवून आधी त्या गालाची तपासणी करून घ्यावी. त्याच दुखण्यातून पुढं कर्करोग होऊ शकतो. दात तेव्हा दुय्यम आहे.

शस्त्रक्रियेच्या निदान आठवडाभर आधीपासून आणि नंतरचे दोन महिने तंबाखू बंद हवी. कायमची सुटली तर सोन्याहून पिवळं.

शुगर असलेल्यांना इम्प्लांट होतच नाही हा समज चुकीचा आहे. ताब्यात असलेल्या शुगरमध्ये होतो, आणि चांगला टिकतो. ताबा म्हणजे सकाळची एक तपासणी नव्हे. एचबीएवनसी नावाची तपासणी मागच्या तीन महिन्यांची सरासरी सांगते. ती सातच्या आसपास असली की डॉक्टर निर्धास्त होतात, आठच्या पुढं गेली की बहुतेक जण थांबायला सांगतात. मामांची आठच्या बरीच वर निघाली. त्यांना शुगर आहे हे माहीत होतं, गोळीही होती. गोळी रोज घ्यायची असते एवढंच त्यांनी मनावर घेतलं नव्हतं.

औषधांची यादी सांगताना लोक रोजच्या गोळ्या सांगतात आणि एक गोष्ट विसरतात. हाडं ठिसूळ झाली म्हणून वर्षातून एकदा सलाईनमधून दिलेलं किंवा सहा महिन्यांनी पोटावर टोचलेलं इंजेक्शन. कर्करोग हाडात गेलेल्या रुग्णांना हीच औषधं अधिक वेळा देतात. ही औषधं हाडाची झीज थांबवतात, पण जबड्याच्या जखमेत हाड मरून उघडं पडण्याचा धोकाही वाढवतात. म्हणून वर्षापूर्वीचं असलं तरी सांगावं, जमल्यास कागद दाखवावा. तोंडाच्या कर्करोगासाठी जबड्यावर किरणोपचार झाला असेल तर तेही सांगावं, तो वीस वर्षांपूर्वीचा असला तरी. तिथल्या हाडाचा रक्तपुरवठा पूर्वीसारखा होत नाही. हृदयात स्टेंट असणाऱ्यांनी रक्त पातळ करायची गोळी स्वतःच्या मनानं मुळीच बंद करू नये. रक्त जास्त येईल म्हणून आदल्या दिवशी ती गोळी गुपचूप सोडणारी माणसं आहेत, आणि तो धोका दाताच्या रक्तस्रावाहून कितीतरी मोठा आहे.

वयाचं म्हणाल तर म्हातारपण आड येत नाही. तरुणपण येतं. कबड्डीत पुढचा दात गेलेल्या पंधरा वर्षांच्या पोराचा जबडा अजून वाढतो आहे. इम्प्लांट वाढत नाही. दोन-तीन वर्षांत शेजारचे दात पुढं जातात आणि हा मागं, आखूड राहतो. त्याला वाढ पुरी होईपर्यंत काढता-घालता येणारा दात देऊन थांबवतात.

आता फेऱ्या. शहरात राहणारा माणूस हा हिशेब करत नाही, आणि शहरात छापलेल्या माहितीपत्रकातही तो नसतो.

पहिली फेरी तपासणीची. दुसरी स्कॅनची, कदाचित दुसऱ्याच गावी. हिरड्यांना पायरिया असेल तर तो साफ करायला एक-दोन, कारण पायरियाचे जंतू असलेल्या तोंडात नवा खुंटा रोवणं म्हणजे वाळवीच्या जागेत मेढ रोवणं. मग शस्त्रक्रियेची फेरी. आठ-दहा दिवसांनी टाके काढायची. तीन ते सहा महिन्यांनी हिरडी उघडून वरचं झाकण बसवायची. दोन आठवड्यांनी माप द्यायची. मग कॅप बसवायची. झाल्या सात ते नऊ. हाड भरावं लागलं तर आणखी दोन-तीन, आणि मध्ये अजून चार-सहा महिने. त्यानंतर दर सहा महिन्यांनी तपासणीची एक, आयुष्यभर. प्रत्येक फेरीला सोबत एक माणूस, म्हणजे घरातल्या दोघांचा दिवस गेला.

मामांना हे वेळापत्रक कळायला अडचण पडली नाही, कारण त्यांच्या घरचं पीक हळद आहे. जूनमध्ये लावायची, फेब्रुवारी-मार्चमध्ये काढायची, शिजवायची, वाळवायची, पॉलिश करायची आणि मग बाजार. नऊ महिने कंद जमिनीत असताना उकरून पाहत नाहीत. इम्प्लांटही तसाच, आणि शस्त्रक्रिया अशा वेळी घ्यावी की पुढचे आठ-दहा दिवस ओझं उचलणं, धुळीत राबणं आणि हळद शिजवायच्या कढईसमोर उभं राहणं टाळता येईल.

'तीन दिवसांत पक्के दात' अशी जाहिरातही दिसते. ती पूर्ण खोटी नाही. हाड भरपूर आणि घट्ट असेल, स्क्रू पहिल्याच दिवशी पुरेशा ताकदीनं पकडला गेला असेल, तर लगेच दात चढवतात. चार इम्प्लांटवर पूर्ण जबडा उभा करायची पद्धत पोर्तुगालच्या पाउलो मालो यांनी १९९०च्या दशकात रुळवली आणि ती जगभर वापरली जाते. पण ते कोणाला चालेल हे हाड ठरवतं, आणि तिथंही पहिले दात बहुधा तात्पुरते असतात, काही महिने मऊच खायचं असतं. स्कॅन पाहण्याआधीच तीन दिवसांचा शब्द देणाऱ्याकडून उठून यावं.

ज्यांचा खालचा एकही दात उरलेला नाही त्यांच्यासाठी आता थोडं थांबतो. आपल्या खेड्यांत अशी माणसं फार आहेत, आणि त्यांना सांगितला जाणारा पर्याय एकतर साधी कवळी किंवा लाखो रुपयांचा पूर्ण जबडा, असा टोकाचा असतो. वरची कवळी टाळूला चिकटून बऱ्यापैकी बसते. खालची बसत नाही, कारण मध्ये जीभ आहे आणि हाड झिजून सपाट झालेलं असतं. बोलताना ती उचलते, जेवताना सरकते, हिरडी सोलते. शेवटी माणूस ती डबीत ठेवतो आणि लग्नाच्या फोटोपुरती घालतो. अशांच्या खालच्या जबड्यात पुढच्या बाजूला दोनच इम्प्लांट बसवतात आणि कवळी त्यावर टिचबटणासारखी अडकवतात. रात्री काढून धुवायची, सकाळी टच करून लावायची. जबड्याच्या पुढच्या भागात हाड बहुधा शिल्लक असतं आणि ती मोठी नस तिथं नसते, त्यामुळं शस्त्रक्रियाही तुलनेनं सोपी. २००२ मध्ये कॅनडात मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी तर म्हटलं होतं की दात नसलेल्या खालच्या जबड्याला किमान एवढा उपचार हाच पहिला पर्याय मानावा. माझ्या मते खेड्यातल्या म्हाताऱ्या माणसाला इम्प्लांटचा सर्वांत मोठा उपयोग हाच आहे, आणि त्याची जाहिरात सर्वांत कमी होते.

एक-दोन दातच गेले असतील तर ब्रिजचाही, म्हणजे शेजारच्या दातांवर टेकवून बसवलेल्या दाताचाही, विचार करावा. शेजारचे दात आधीच किडलेले, कॅप लागणारे असतील तर ब्रिज ठीक. शेजारचे दात धडधाकट असतील तर ते घासून बारीक करणं जिवावर येतं; तिथं इम्प्लांट उजवा.

आता 'कितीला'. एका दाताला आपल्याकडं सर्वसाधारणपणे २०-२५ हजारांपासून ५०-६० हजारांपर्यंत सांगतात, कंपनीप्रमाणं आणि शहराप्रमाणं. हा आकडा ऐकताना एकच विचारायचं: हा स्क्रूचा दर आहे की चावता येणाऱ्या दाताचा? स्कॅन, हाडाची पूड, अबटमेंट, कॅप, टाके, सगळं यात आलं का? कागदावर लिहून घ्यावं. संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालय आहे. नांदेड, परभणी, लातूर इथं खासगी दंत महाविद्यालयं आहेत. अशा ठिकाणी पदव्युत्तर विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात. खर्च कमी येतो, वेळ जास्त लागतो. फेऱ्यांचा हिशेब जमत असेल तर हा मार्ग जरूर चौकशी करण्यासारखा आहे.

डॉक्टर कोण, हेही विचारावं आणि त्यात संकोच वाटू देऊ नये. इम्प्लांटची वेगळी एमडीएस पदवी आपल्याकडं नाही. मुखशल्यचिकित्सा, हिरड्यांचं शास्त्र आणि कृत्रिम दातांचं शास्त्र, या तिन्ही शाखांतले तज्ज्ञ हे काम करतात, आणि प्रशिक्षण घेतलेले बीडीएस डॉक्टरही चांगलं करतात. लहान गावात बाहेरून येणारे तज्ज्ञ महिन्यातून एक-दोन दिवस शस्त्रक्रिया करून जातात. यात वाईट काही नाही, पण रात्री सूज आली तर फोन कोणाला करायचा आणि पाच वर्षांनी स्क्रू ढिला झाला तर कोण पाहणार, हे आधी ठरलेलं हवं.

यासाठीच एक छोटा कागद जपायचा असतो. प्रत्येक इम्प्लांटच्या डबीवर चिकटपट्ट्या असतात: कंपनी, जाडी, लांबी, लॉट नंबर. त्यातली एक रुग्णाच्या कार्डावर लावून मागून घ्यावी. प्रत्येक कंपनीचा स्क्रू वेगळा, तो फिरवायचा पाना वेगळा. उद्या मामा मुलाकडं पुण्याला राहायला गेले आणि तिथं कॅप हलली, तर हे कार्ड नसताना तिथला डॉक्टर अंदाजानं पाने लावत बसेल. शेतीपंपाचा पार्ट आणायला जाताना आपण जुना पार्ट किंवा मॉडेल नंबर घेऊन जातो, तसंच हे. कॅप सिमेंटनं चिकटवणार की स्क्रूनं बसवणार तेही विचारावं. सिमेंटचा कण हिरडीखाली राहिला तर तिथं सूज धरते. स्क्रूची कॅप पुढं काढून दुरुस्त करता येते.

इम्प्लांटला कीड लागत नाही. त्यामुळं लोक निर्धास्त होतात, आणि तिथंच घात होतो. कीड लागत नसली तरी भोवतीच्या हिरडीला आणि हाडाला जंतू लागतात, पायरियासारखेच. आणि इम्प्लांटला स्वतःची नस नसल्यामुळं तो दुखून सांगत नाही. ब्रश करताना रक्त, हिरडीतून पू, तोंडाला वास, एवढ्याच खुणा. तोवर स्क्रूच्या निम्म्या आट्या उघड्या पडलेल्या असू शकतात. रोज दोनदा ब्रश, मधल्या फटीसाठी बारीक बाटलीब्रश, आणि सहामाही तपासणी, हे सांभाळलं तर दहा वर्षांनंतरही शंभरातले नव्वदहून जास्त इम्प्लांट जागेवर असतात. मशेरीनं ते सांभाळले जात नाहीत.

मामांनी अजून इम्प्लांट केलेला नाही. हलणारी दाढ दाखवली, हिरड्या साफ करून घेतल्या. डॉक्टर म्हणाले, ती वाचेल असं दिसतं. उजवीकडच्या हाडाचा स्कॅन नांदेडला झाला. एका जागी पुरेसं आहे, दुसऱ्या जागी भरावं लागेल. गोळी आता मामी स्वतः हातात देतात. डबी घरातून गेली आहे, म्हणजे मामा तसं सांगतात. मामींनी फोन घेऊन खात्री दिली, आणि आपली मशेरीही बंद केल्याचं हळूच सांगितलं. तीन महिन्यांनी पुन्हा शुगर तपासायची आहे. तोवर हळद शिजून, वाळून बाजारात गेलेली असेल.